आधी खिंड, मग नदी: परांग ला वाटेवरील पादत्राणांच्या निवडीचे एक प्रकरण

हिमाचलच्या स्पितीतील किब्बर गावातून निघून परांग ला ही खिंड ओलांडायची आणि पलीकडे लडाखमध्ये त्सो मोरिरी सरोवराच्या काठी कोरझोकला उतरायचे, अशी ही सात-आठ दिवसांची वाट आहे. पुण्याच्या चौघांच्या एका गटाने ती ऑगस्टच्या उत्तरार्धात, घोडे किंवा खेचरे न घेता, सगळे सामान स्वतःच्या पाठीवर वाहून पूर्ण केली. गटात एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांना बाकीचे तिघेही काका म्हणत. उरलेल्यांत त्यांची पुतणी, तिचा नवरा आणि नवऱ्याचा एक मित्र. सामानाची यादी ठरवताना त्यांनी माझा सल्ला घेतला होता. तंबू, शिधा, झोपण्याच्या पिशव्या यांवर फारशी चर्चा झालीच नाही. वाद रंगला तो नदी ओलांडताना पायांत काय घालायचे यावर, आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. चौघे चार प्रकारची पादत्राणे घेऊन निघाले. त्यामुळे एकच वाट, एकच नदी, पाण्याची एकच पातळी आणि पायांत चार वेगवेगळे जोडे असा अभ्यासाला सोयीचा योग जुळून आला. परतल्यावर मी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोललो आणि त्यांचे जोडे हातात घेऊन पाहिले. पुढची मांडणी त्या आधारावर केली आहे.

वाट आणि पाणी

किब्बर सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. तिथून परिलुंगबी नाल्याच्या खोल घळीतून आणि तिच्या अंगाने चढ-उतार करत बोरोगेनच्या मुक्कामाला पोहोचायचे आणि पहाटे निघून सुमारे ५,५८० मीटर उंचीची खिंड गाठायची. खिंडीच्या उत्तरेला हिमनदी आहे आणि तिच्यातूनच पारे छू नदी निघते. तिथून पुढची वाट या नदीच्या सोबतीने जाते. खरसा गोंगमा, दातांग योंगमा असे मुक्काम करत, गोट्यांनी भरलेल्या रुंद पात्राच्या कडेने उतरत नोर्बू सुमदोला यायचे. तिथे पारे छू पूर्वेला तिबेटकडे वळते आणि वाट उत्तरेला, सरोवराच्या दक्षिण टोकाशी असलेल्या कियांगदोमकडे निघते. म्हणजे कोरझोकला जायचे तर नदी कुठेतरी ओलांडावीच लागते, आणि तिथे पूल नाही. (तिबेटातून फिरून ही नदी पुन्हा हिमाचलात शिरते आणि स्पिती नदीला मिळते. २००४ साली तिबेटात दरड कोसळून जिचे पाणी तुंबले आणि २६ जून २००५ रोजी तो बांध फुटून जिच्यामुळे सतलजच्या खोऱ्यातले पूल आणि रस्ते वाहून गेले, ती हीच नदी. अनेक वाचकांना तिचे नाव तेव्हापासून ठाऊक असेल.)

नोर्बू सुमदोच्या परिसरात पारे छू एका धारेने वाहत नाही. काहीशे मीटर रुंदीच्या पात्रात ती अनेक फाट्यांत विभागलेली असते. गाळ आणि रेव साचत गेली की एक फाटा बुजतो, दुसरा खोल होतो, त्यामुळे गेल्या वर्षीची ओलांडण्याची जागा यंदा सापडेल याची खात्री नसते. पात्रात उतरल्याखेरीज किती फाटे ओलांडावे लागणार हे सांगता येत नाही, आणि जोड्यांच्या निवडीत ही गोष्ट खोलीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरते. एकच खोल धार असेल तर माणूस खाली बसतो, बूट काढतो, नदीचे जोडे चढवतो, पलीकडे जाऊन पुन्हा बदलतो. सहा-सात फाटे असतील तर तिसऱ्या-चौथ्या फाट्याला कंटाळतो आणि नको ते करू लागतो.

पाण्याची वेळही समजून घ्यावी लागते. सह्याद्रीत ओढ्याला लोंढा येतो तो डोक्यावरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने, आणि दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही प्रहरी. परांग लाच्या उत्तरेकडे पाऊस थोडा, तिथली नदी उन्हावर चालते. सकाळी हिमनदी गोठलेली असते, दुपारी वितळते, आणि ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागत असल्याने उगमापासून जितके दूर जावे तितकी पाण्याची कमाल पातळी उशिरा, संध्याकाळी किंवा रात्रीसुद्धा येते. सर्वांत कमी पाणी पहाटे आणि सकाळी मिळते, पण तेव्हाच ते सर्वांत गारही असते. म्हणजे सुरक्षित वेळ आणि सुसह्य वेळ या दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि जोडा निवडताना सकाळचे गार पाणीच गृहीत धरावे लागते.

सह्याद्रीची सवय आणि तिची मर्यादा

यादीवरच्या चर्चेत चौघांच्याही बोलण्यामागे सह्याद्रीचा अनुभव होता, आणि तो चांगला भरघोस होता. पावसाळ्यात भीमाशंकर चढणाऱ्याचे किंवा पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याचे बूट पहिल्या तासातच भिजतात आणि संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. त्याचे कोणाला काही वाटत नाही, कारण पाणी कोमट असते आणि मुक्कामाला गावातल्या एखाद्या घराच्या पडवीत कोरडा लेंगा व चटई मिळते. तिथे खरी भीती असते ती शेवाळलेल्या काळ्या खडकावरून घसरण्याची. म्हणून मराठी भटके बुटाची पारख तळाच्या रबरावरून करतात. ॲक्शन ट्रेकिंगसारखे स्वस्त बूट इतकी वर्षे लोकप्रिय राहिले ते त्यांच्या पकडीमुळेच.

या अनुभवातून मनात दोन गृहीतके पक्की होतात. पाय ओले राहिले तरी बिघडत नाही हे पहिले, आणि पकड हा पहिला निकष हे दुसरे. पारे छूच्या पात्रात दोन्ही लंगडी पडतात. तिथले दगड शेवाळलेले नसून गोल, सुटे आणि पायाखाली गडगडणारे असतात. पाणी गाळाने राखाडी असल्याने तळ दिसत नाही. अशा ठिकाणी मऊ रबराच्या पकडीपेक्षा तळव्याला दगड टोचू न देणारा जाड सोल, बोटांपुढे बंदिस्त टोक आणि टाच जागच्या जागी धरून ठेवणारी नाडी यांना जास्त किंमत आहे. आणि पाय ओले राहिल्याने बिघडते की नाही, हे त्या रात्रीच्या मुक्कामाची उंची किती आणि दुसऱ्या दिवशी पायाखाली काय येणार आहे यावर ठरते. या प्रकरणाचा गाभा हा दुसरा मुद्दा आहे.

चौघांचे चार पर्याय

काकांनी खिंडीसाठी घोट्याच्या वरपर्यंत येणारे चामड्याचे बूट घेतले आणि नदीसाठी घरातले जुने, नाडीचे, जाळीदार कापडाचे धावण्याचे बूट वेगळे बांधले. आतल्या जाड स्पंजच्या गाद्या पाणी शोषून धरतात म्हणून काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी पातळ गाद्या घातल्या. या दुसऱ्या जोडाचे वजन साधारण अर्धा किलो भरले. पुतणीचा नवरा म्हणाला, “काका, अर्धा किलो उगाच कशाला वाहताय? त्यात दोन दिवसांचा नाश्ता बसेल.” काकांचे उत्तर असे होते की हे ओझे पाठीवर आहे, पायावर नाही. त्यात तथ्य आहे. पायात घातलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते, त्यामुळे ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार-पाच पट शक्ती खाते, असे मोजमाप या विषयावर अभ्यास करणाऱ्यांनी पूर्वीच केले आहे. अर्थात काकांचे चामड्याचे बूटच जोडीला दीड किलोच्या घरात होते, ही बाजू त्यांनी सोयीस्करपणे बोलून दाखवली नाही.

पुतणीने गोर-टेक्सचा जलरोधक थर असलेले बूट आणि तीन पट्ट्यांचे, वेल्क्रोने बंद होणारे फ्लोटर घेतले. नदीलाही तेच आणि मुक्कामाला तंबूभोवती हिंडायलाही तेच. तिच्या नवऱ्याने तसेच बूट आणि फ्लोटरऐवजी क्रॉक्स घेतले, कारण ते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि पाणी लगेच टाकून देतात. मित्राने दुसरा जोड घेतलाच नाही. त्याचे जाळीदार, हलके, कोणताही जलरोधक थर नसलेले धावण्याचे बूट पाण्यातूनही चालायला आणि खिंडीवरही चालायला. सोबत निओप्रीनचे, म्हणजे ओले झाले तरी ऊब धरणाऱ्या रबराचे मोजे, लोकरीच्या मोज्यांच्या जादा जोड्या आणि दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. चौघांतला त्याचा विचार सर्वांत सलग होता आणि त्यातला धोकाही सर्वांत सलग होता.

अनवाणी उतरण्याचा पर्याय कोणीही गंभीरपणे घेतला नाही आणि तो घेऊही नये. बर्फाच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटांत तळव्याची जाणीव जाते, आणि जाणीव गेलेले पाऊल कुठे टेकले हे कळत नसल्याने घोटा मुरगळण्याची किंवा तळवा कापण्याची शक्यता तिथूनच सुरू होते.

खिंडीच्या आधी

पहिली परीक्षा नोर्बू सुमदोला झाली नाही. ती परिलुंगबीच्या घळीत, बोरोगेनच्या आदल्या टप्प्यात झाली, आणि तिच्याकडे यादी करताना कोणाचे लक्षही गेले नव्हते. नाला जेमतेम पोटरीभर होता. तिघांनी बूट बदलले. मित्र त्याच्या पद्धतीप्रमाणे सरळ चालत गेला आणि इतरांच्या आधी बराच पुढे निघाला. दुपार होती, ऊन होते, तासाभरात वारा बूट वाळवील असा त्याचा अंदाज होता. तो सपाट, उघड्या माळावर खरा ठरलाही असता. पण घळीत ऊन लवकर सरते आणि पाच हजार मीटरच्या वर सूर्य मावळताच तापमान झपाट्याने शून्याखाली जाते. बूट अर्धवट ओले असतानाच तो मुक्कामाला पोहोचला आणि त्याने ते तंबूच्या पडवीत ठेवले. पहाटे ते काढले तेव्हा जाळी लाकडासारखी कडक झाली होती आणि नाड्या वाकत नव्हत्या.

त्याने कोरडे लोकरीचे मोजे घातले, त्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि पाय त्या गोठलेल्या बुटांत कोंबले. ही जुनी युक्ती आहे आणि ती ओल थांबवते. थंडी मात्र थांबवत नाही. खिंडीपर्यंतची चढण आणि नंतर हिमनदीवरची उतरण यांत त्याची बोटे सुमारे दोन तास बधिर होती. ऊन वर आल्यावर जाणीव परत आली. कायमची इजा झाली नाही, पण दोन्ही अंगठ्यांच्या टोकांना झिणझिण्या पुण्यात परतल्यावरही काही आठवडे येत राहिल्या. थंडीने मांस गोठले नाही तरी ओल आणि गारवा यांत पाय बराच वेळ राहिला तर नसांना असा त्रास होतो. याच्या पुढची पायरी हिमदंशाची असते, आणि त्या पहाटे वारा असता तर ती फार दूर नव्हती असे मला वाटते.

पोटरीभर पाण्याने झालेली ही इजा नोर्बू सुमदोच्या गुडघाभर पाण्यापेक्षा गंभीर होती, याचे कारण त्या पाण्यानंतर काय आले यात आहे. मुख्य नदीनंतर सपाट, उन्हात तापलेली रेव आली. घळीतल्या ओहोळानंतर गोठणारी रात्र आली आणि तिच्या मागोमाग हिमनदी. प्रत्येक पाण्यापुढे “हे किती खोल आहे?” याच्या जोडीला “यानंतर पाय कधी आणि कुठे वाळणार?” हा प्रश्न विचारला असता तर मित्रानेही त्या एका नाल्याला थांबून, बूट काढून, निओप्रीनच्या मोज्यांवर नाला ओलांडला असता. पोटरीभर, संथ पाण्याला तेवढे पुरले असते.

खिंडीपलीकडच्या छोट्या धारा

हिमनदी उतरल्यावर बाजूच्या घळींतून येणाऱ्या लहान धारा एकामागून एक लागतात. इथे मित्राची पद्धत सर्वांत उत्तम ठरली. तो न थांबता जात राहिला, त्याचे बूट पाण्याबाहेर आल्यावर शे-दीडशे पावलांत पाणी टाकून देत आणि दुपारच्या कोरड्या वाऱ्यात भराभर हलके होत. बाकीच्यांना प्रत्येक धारेला बसणे, नाड्या सोडणे, पाय पुसणे, पुन्हा बांधणे यांत दहा-दहा मिनिटे जात. पाठीवर वजनदार सॅक असताना खाली बसून पुन्हा उठणे हेच एक काम असते.

पुतणीच्या नवऱ्याने तिसऱ्या धारेपासून बूट बदलणे सोडले आणि दगडांवरून उड्या मारत जायला सुरुवात केली. एका ठिकाणी दगड फिरला आणि उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात गेला. जलरोधक थराचा बूट बाहेरून येणारे पाणी अडवतो. वरून, काठावरून आत शिरलेले पाणीही तो तितक्याच निष्ठेने आत अडवून ठेवतो. बूट उपडा करून, मोजा पिळूनसुद्धा आतले अस्तर ओलेच राहिले आणि हा उजवा बूट कियांगदोमपर्यंत पुरता वाळला नाही. घोटा मुरगळला नाही हे नशीब, कारण सॅकसह उडी मारताना पडणारा भार पाण्यातून सावकाश चालण्याच्या कितीतरी पट असतो. पारे छूच्या खोऱ्यात मोठ्या नदीपेक्षा या लहान धारांवर माणसे जास्त दुखावत असतील तर मला नवल वाटणार नाही. मोठ्या नदीपुढे प्रत्येक जण थांबून विचार करतो.

काकांनी इथे एक साधी गोष्ट केली. पहिल्या धारेला त्यांनी नदीचे बूट घातले आणि दिवसभर तेच ठेवले. चामड्याचे बूट कोरडे, सॅकमध्ये वरच्या बाजूला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. बर्फ संपले होते, वाट रेतीची होती, घोट्याला आधाराची फारशी गरज नव्हती. बदलाबदल वाचली आणि मुक्कामाला कोरडे बूटही हाताशी राहिले. दुसरा जोड घेण्याचा खरा फायदा असा घ्यावा लागतो. दुसरा जोड प्रत्येक पाण्यापुरता घालायचा आणि काढायचा असे ठरवले की त्याचे ओझे तेवढे राहते आणि उपयोग निम्मा होतो.

नोर्बू सुमदो

गट नोर्बू सुमदोजवळ दुपारनंतर पोहोचला. पाणी चढते होते आणि मुख्य धारेत गोट्यांच्या आपटण्याचा आवाज येत होता. तळाचे दगड हलू लागल्याची ती खूण असते, आणि ती ऐकू आली की त्या दिवशी उतरू नये. त्यांनी अलीकडेच तंबू टाकला. पुतणीने पाण्याच्या कडेला एक चपटा दगड उभा करून ठेवला. सकाळी तो पाण्यापासून तीन-चार पावले कोरड्या रेवेत उभा होता.

प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे सूत्र पाठ असण्यापेक्षा आकड्यांत पाहिलेले बरे. सेकंदाला एक मीटर वेगाच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन्ही पायांवर ढोबळ हिशेबाने सहा किलो वजनाइतका रेटा येतो. तोच वेग सेकंदाला दोन मीटर झाला की रेटा चोवीस किलोपर्यंत जातो. खोली बदललेली नसते, आणि काठावरून पाहणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. पावलावर सैल बसलेल्या कोणत्याही वस्तूवर हाच रेटा येतो आणि तिला पावलापासून सोडवू पाहतो. म्हणून नदीच्या जोड्यात मला एकच गुण निवडायचा झाला तर मी टाचेची घट्ट पकड निवडीन. पाणी निचरणे, वजन, सोल हे सगळे त्यानंतर.

काका आधी उतरले. दोन काठ्या, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडलेले, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, आणि आडवे-आडवे सरकत एका वेळी एकच पाऊल हलवणे. त्यांच्या जोड्यांबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही.

पुतणीच्या फ्लोटरची टाचेमागची पट्टी दुसऱ्या फाट्यात सुटली. परतल्यावर मी ते फ्लोटर पाहिले तेव्हा कारण स्पष्ट दिसले. वेल्क्रोच्या आकड्यांत राखाडी गाळ इतका बारीक ठासला होता की टाचणीने उकरल्यावरही तो पीठासारखा झडत राहिला. हिमनदीचा हा गाळ म्हणजे खडकाची भुकटीच असते, आणि आधीच्या दोन-तीन दिवसांच्या वापरात ती पट्ट्यांत साचत गेली होती. पट्टी सुटल्यावर पाऊल पुढे-मागे सरकू लागले आणि तळव्याखाली खडे शिरले. प्रवाहाच्या मध्ये एका पायावर उभे राहून खडा काढता येत नाही, म्हणून तिने तसेच दोन फाटे पार केले. पलीकडे मोजे घालताना तळव्याच्या कमानीत कापलेले दिसले. कापल्याचे तिला पाण्यात कळलेच नव्हते. कापलेला तळवा घेऊन सरोवराच्या काठापर्यंतची चाल तिला जड गेली. तिथे प्लॅस्टिकच्या बकलांचे सँडल असते तर हा प्रसंग बहुधा टळला असता, आणि पुढे बंदिस्त टोक असते तर खडे शिरण्याचे प्रमाणही घटले असते.

क्रॉक्सचा निकाल पहिल्याच उथळ फाट्यात लागला. ते पाण्यावर तरंगतात, हाच त्यांचा दोष. प्रवाहाने टाच उचलली, मागचा पट्टा पुढे घसरला आणि जोडा पावलाखाली आडवा झाला. पुतणीचा नवरा मागे फिरला. काठावर बसून त्याने बुटांतल्या गाद्या आणि मोजे काढून सॅकमध्ये कोरडे ठेवले आणि उघड्या पायांनी ते भारी बूट घट्ट बांधून नदी ओलांडली. एरवी ज्याला मी ठामपणे नको म्हटले असते तो हा उपाय इथे योग्य होता, कारण खिंड मागे पडली होती, पुढच्या रात्री ४,५०० मीटरच्या आसपासच्या होत्या आणि वाट सपाट होती. पलीकडे त्याने बूट उपडे केले, गाद्या परत घातल्या आणि कोरडे मोजे चढवले. दर मुक्कामी आणि दुपारच्या विश्रांतीला मोजे बदलून, ओले मोजे सॅकवर वाळत टाकत तो चालला. पाण्याने मऊ पडलेल्या कातडीला बुटाचे घर्षण लवकर लागते, त्यामुळे टाचेला फोड आला. पण तेवढ्यावर निभावले.

मित्र निओप्रीनच्या मोज्यांसह त्याचेच बूट घालून सर्वांत लवकर पलीकडे पोहोचला, आणि बोटांची जाणीव टिकली असेही त्याने आवर्जून सांगितले. खिंडीआधी ज्या पद्धतीने त्याला अडचणीत टाकले होते तीच इथे सर्वांत सोयीची ठरली.

निवडीचा हिशेब

या वाटेसाठी, या दिशेने, या ऋतूत काकांची व्यवस्था मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र त्यांचे चामड्याचे बूट इतके जड असण्याची गरज नव्हती. बर्फावर पकड देणाऱ्या काटेरी साखळ्या चढवता येतील इतपत ताठ सोलाचे, मध्यम वजनाचे बूट परांग लाच्या हिमनदीला पुरतात. ज्याला रोज लांब पल्ला चालायचा आहे आणि वजन कमी ठेवायचे आहे त्याने मित्राचा मार्ग घ्यायला हरकत नाही, पण मग बोरोगेनच्या आधीचा नाला अपवाद धरायचा, आणि रात्री बूट पिशवीत घालून झोपण्याच्या पिशवीत पायाशी घ्यायचे. वेल्क्रोचे फ्लोटर आणि क्रॉक्स मुक्कामाला बरे.

हीच वाट उलट, कोरझोकहून किब्बरकडे, करायची झाली तर मात्र हिशेब पार बदलतो. नदी आधी येते, मग उंची वाढत जाते, मुक्काम अधिकाधिक थंड होत जातात आणि शेवटी हिमनदी चढून खिंड गाठायची असते. नोर्बू सुमदोला भिजलेला बूट वाळायला हाताशी असलेले दिवस हे नेमके वाढत्या थंडीचे असतात. अशा दिशेने जाणाऱ्याला मी खिंडीचे बूट पाण्यात घालण्याची मुभाच देणार नाही. नाडीचा दुसरा जोड सक्तीचा, आणि कोरडे बूट सॅकच्या आत. पुष्कळ जण ते नाड्यांनी एकमेकांना बांधून सॅकवर लटकवतात. मग ते पावलागणिक झुलतात, तोल बिघडवतात आणि घसरल्यास सर्वांत आधी पाण्यात जातात.

जोड्यांची तपासणी करताना सर्वांत जास्त वेळ काकांच्या चामड्याच्या बुटांवर गेला. कोरझोकला त्यांनी ते बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ न ठेवता सावलीत, आत कागद कोंबून वाळवले होते, म्हणून चामडे तडकले नव्हते. मात्र डाव्या बुटाचा सोल टाचेकडून बोटभर सुटू लागला होता, आणि मधला फेसाळ थर नखाने दाबला की भुरभुरत होता. हे नदीचे काम नव्हते. पॉलियुरेथेनचा हा थर दमट हवेत वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तरी आतून कुजत जातो, आणि हे बूट पुण्यातल्या घराच्या माळ्यावर कित्येक पावसाळे खोक्यात पडून होते. तो सोल हिमनदीवर गळून पडला असता तर सॅकमधला अर्धा किलोचा जुना जोडच त्यांच्या कामी आला असता. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही बूट चांभाराकडे टाकले. चांभाराने सोल बदलायला नकार दिला, आणि आता ते नवे, कमी वजनाचे बूट बघत आहेत.